लुई माल आणि एका शाळेतील सकाळ

फ्रेंच चित्रपटदिग्दर्शक लुई माल यांचे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानावरून गेले असेल. चित्रपटसृष्टी आपल्या समाजास परकी नाही. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या हिंदी बोलपटाचे लेखन जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या लेखणीतून उतरले, आणि 'बूट पॉलिश' (१९५४) मधील जॉन चाचा म्हणजे आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे घराघरांत ठाऊक आहे. मुंबईने पहिली हलती चित्रे पाहिली ती देखील फ्रेंचांचीच. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी ती दाखविली. तथापि पुढे आपले लक्ष हिंदी आणि इंग्रजी चित्रांकडे वळले व फ्रेंच चित्रे फिल्म सोसायट्यांच्या सभासदांपुरती राहिली.

माल यांच्याविषयी येथे लिहिण्यास दोन कारणे आहेत. १९६८ साली त्यांनी भारतभर हिंडून जे चित्रण केले त्यात मुंबईवर एक संपूर्ण भाग आहे आणि कोचीनच्या ज्यूंचे दर्शनही आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ज्या शाळेत ते लहानपणी शिकत होते, त्या शाळेतून तीन ज्यू मुलांना त्यांच्या डोळ्यांदेखत नेण्यात आले, आणि ती हकीकत पडद्यावर आणण्यास त्यांना ४३ वर्षे लागली.

माल यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९३२ रोजी उत्तर फ्रान्समधील त्युमरी या गावी झाला. घराणे साखर कारखानदारांचे, अतिशय श्रीमंत आणि कडक कॅथलिक. पॅरिसच्या चित्रपटविद्यालयात शिकत असतानाच समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांनी त्यांस आपल्या जहाजावर घेतले. दोघांच्या नावे असलेल्या 'मूक विश्व' या सागरतळाच्या चित्रास १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पुढे ऑस्करही. त्यावेळी माल २३ वर्षांचे होते. त्यानंतरचा 'फाशीच्या तख्ताकडे नेणारी लिफ्ट' (१९५८) हा गुन्हेकथेचा चित्रपट अमेरिकन वादक माइल्स डेव्हिस यांनी पॅरिसमध्ये एका रात्रीत वाजविलेल्या ट्रम्पेटमुळे आजही आठवला जातो. त्याच वर्षीच्या 'प्रेमिक' या चित्रपटावरून अमेरिकेतील ओहायो राज्यात एका थिएटर-व्यवस्थापकास अश्लीलतेबद्दल दंड झाला. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये व्यवस्थापक सुटला. नंतर विनोदी चित्र, मग आत्महत्येच्या उंबरठ्यावरील एका माणसाचे चित्र, मग नाचगाण्याचे आणि बंदुकांचे चित्र असा त्यांचा क्रम चालला. एकदा केले ते पुन्हा करावयाचे नाही, असा जणू त्यांचा नेमच होता. समीक्षकांस हे रुचत नसे, कारण अशा माणसास कोणत्या खणात ठेवावे हे कळत नाही.

पस्तिशीत ते आपल्या यशास कंटाळले. १९६७ च्या अखेरीस फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या वतीने काही फ्रेंच चित्रपट घेऊन ते भारतात आले. परत गेले, आणि जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा आले ते केवळ दोन सोबती घेऊन. छायाचित्रकार एतिएन बेकेर आणि ध्वनिमुद्रक झाँ-क्लोद लोरो. संहिता नाही, आराखडा नाही. जे दिसेल ते टिपावयाचे. काही महिन्यांच्या या भटकंतीतून 'कलकत्ता' हा स्वतंत्र चित्रपट आणि 'मायावी भारत' ही सात भागांची दूरदर्शन मालिका १९६९ मध्ये तयार झाली.

या मालिकेच्या पहिल्याच भागास त्यांनी 'अशक्य कॅमेरा' असे नाव दिले आहे. खेड्यातील माणसे कॅमेऱ्याकडे टक लावून पाहतात. कोणताही चित्रकार असे तुकडे कापून टाकतो. माल यांनी ते ठेवले. आपण न विचारता या माणसांकडे पाहत आहोत, तेव्हा त्यांनीही आपल्याकडे पाहावे हे रास्तच, असे त्यांच्या निवेदनाचे सूत्र आहे. रस्त्याकडेला मेलेल्या रेड्यावर गिधाडे तुटून पडतात ते दृश्य त्यांस भयंकर वाटले; सोबतच्या भारतीयांस त्यात काहीच विशेष दिसले नाही. हाही फरक त्यांनी लपविलेला नाही.

सहावा भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. भारतीय समाजाच्या कडेला राहणाऱ्या लोकांवर तो आहे. ओरिसातील बोंडा आदिवासी, निलगिरीचे तोडा, पाँडिचेरीचा आश्रम यांच्या पंक्तीस केरळचे ख्रिस्ती आणि कोचीनचे ज्यू येतात. त्याच १९६८ च्या डिसेंबरात मट्टनचेरीच्या परदेशी सिनेगॉगला ४०० वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या उपस्थितीत झाला. माल यांचा कॅमेरा तो होण्यापूर्वीच निघून गेला होता. आपल्या लोकांस 'कडेचे' म्हणावे काय, हा वादाचा मुद्दा आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा येथे तेल गाळणाऱ्या शनिवार तेल्यांना गावाने कधी कडेला ठेवले असे आमच्या वाडवडिलांच्या सांगण्यात नाही. परंतु परक्या पाहुण्याने चार महिन्यांत सर्व ओळखावे ही अपेक्षाही अवाजवीच. सातवा आणि शेवटचा भाग मुंबईचा. ज्यांनी १९६८ ची मुंबई पाहिली आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनीही.

१९७० मध्ये ही चित्रे बी.बी.सी.ने दाखविली तेव्हा भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतला. प्रकरण इतके वाढले की बी.बी.सी.ला दिल्लीतील आपले कार्यालय बंद करावे लागले. देशाची गरिबीच तेवढी दाखविली, ही तक्रार. आमच्या मते 'कलकत्ता' या चित्राविषयी ती बरीचशी खरी आहे आणि मालिकेविषयी बरीचशी खोटी. मात्र दारिद्र्याचे चित्र पाहून दिल्लीस जितका राग आला तितका दारिद्र्याचा आला असता तर बरे झाले असते.

भारताहून परतल्यावर माल यांच्या कामाचे वळण पालटले. आपल्या देशाने डोळ्यांआड केलेल्या गोष्टींकडे ते वळले. जर्मन ताब्याच्या काळात (१९४० ते १९४४) फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठविण्यात आले. त्यांतील सुमारे २,५०० च परत आले. हे काम जर्मनांनी एकट्यांनी केले नाही. फ्रेंच पोलीस, फ्रेंच कारकून आणि फ्रेंच चहाडखोर त्यात सामील होते. युद्धानंतर मात्र सगळा देश प्रतिकारात लढत होता, अशी सोयीची समजूत रूढ झाली होती.

त्या समजुतीवर माल यांनी १९७४ मध्ये 'लाकोंब ल्युसियां' या चित्रपटाने घाव घातला. कथालेखनात त्यांचे सहकारी होते पात्रिक मोदियानो, ज्यांना पुढे २०१४ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोदियानो यांचे वडील ज्यू. कथेतील ल्युसियां हा खेड्यातील सतरा वर्षांचा अडाणी मुलगा आहे. तो गावच्या शाळामास्तरांकडे जाऊन 'मला भूमिगतांत घ्या' म्हणतो. मास्तर त्यास लहान म्हणून परत पाठवितात. थोड्याच दिवसांत तो योगायोगाने जर्मनांच्या फ्रेंच हस्तकांच्या अड्ड्यात जाऊन पडतो आणि दारूच्या पेल्यावर त्याच मास्तरांचे नाव सांगून टाकतो. पुढे तो एका ज्यू शिंप्याच्या घरात बंदुकीच्या जोरावर शिरतो आणि त्याच्या मुलीच्या प्रेमात पडतो.

शिक्षकाने हा चित्रपट पाहणे सोपे नाही. वर्गाच्या दारातून परत पाठविलेला मुलगा कोठे जातो, हा प्रश्न आमच्या व्यवसायातील प्रत्येकास कधी ना कधी पडलेला असतो. माल यांनी ल्युसियांला राक्षस केले नाही आणि त्याची बाजूही घेतली नाही. यामुळेच फ्रान्समध्ये त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. भूमिगत चळवळीच्या अभिमान्यांस तो अपमान वाटला. काहींना देशद्रोह्यास दिलेली ती सवलत वाटली. त्यानंतर लवकरच माल अमेरिकेस निघून गेले.

हा लेख आम्ही त्याच अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील अ‍ॅशबर्न येथून लिहीत आहोत. वॉशिंग्टनच्या पश्चिमेस, डलेस विमानतळाशेजारी हे गाव आहे. एकेकाळची शेते जाऊन तेथे खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आहेत; जगभरच्या संगणकांची माहिती त्यांत साठविलेली असते. त्यांच्या आसपास तेलुगू, गुजराती, मराठी कुटुंबांची दाट वस्ती झाली आहे. माल यांनी अमेरिकेत 'अटलांटिक सिटी' (१९८०) सारखे गाजलेले चित्रपट केले, दोन मित्र जेवता जेवता बोलत राहतात एवढीच गोष्ट असलेला एक चित्रपटही केला. परंतु आम्हांस येथे बसून आठवतात ते त्यांचे दोन साधे माहितीपट. एक मिनेसोटामधील ग्लेन्को या शेतकरी गावावरचा. १९७९ मध्ये त्याचे चित्रण केल्यावर १९८५ मध्ये ते पुन्हा तेथे गेले आणि कर्जात बुडालेल्या त्याच शेतकऱ्यांना पुन्हा भेटले. दुसरा, नुकत्याच अमेरिकेत आलेल्या निर्वासित व स्थलांतरित कुटुंबांवरचा, १९८६ सालचा. स्वतःही परदेशी असल्यामुळे असेल, माल या माणसांशी बोलताना दया दाखवीत नाहीत, चौकशी करतात. अ‍ॅशबर्नच्या एखाद्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या आजीआजोबांशी त्यांनी काय बोलणे काढले असते, असे मनात येते.

आणि मग १९८७ मध्ये फ्रान्सला परतून त्यांनी तो चित्रपट केला, ज्याचे नाव मराठीत 'येतो, मुलांनो' असे होईल.

प्रथम खरी हकीकत सांगितली पाहिजे. पॅरिसजवळ फाँतेनब्लोच्या शेजारी आव्हाँ येथे कार्मेलाइट संन्याशांची निवासी शाळा होती. मुख्याध्यापक होते फादर झाक, मूळ नाव ल्युसियां ब्युनेल. जानेवारी १९४३ पासून त्यांनी तीन ज्यू मुलांस खोटी नावे देऊन वर्गांत दाखल करून घेतले होते. हान्स-हेल्मुट मिशेल, झाक-फ्रान्स हाल्पर्न आणि मोरिस श्लोसेर ही त्यांची खरी नावे. मोरिस बास या चौथ्या मुलास त्यांनी शाळेत कामगार म्हणून ठेवले, श्लोसेरच्या वडिलांस गावात एकाकडे आसरा मिळवून दिला, आणि वंशकायद्यामुळे नोकरीस मुकलेले ज्यू वनस्पतिशास्त्रज्ञ ल्युसियां वेइल यांना शिक्षक म्हणून घेतले. १५ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोने शाळेस वेढा घातला. मुख्याध्यापक आणि तिन्ही मुले पकडली गेली. वेइल यांना आई व बहिणीसह घरून नेण्यात आले. ३ फेब्रुवारीस निघालेल्या गाडीने तिघे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि शिक्षकांची माणसे औशविट्झला गेली. तेथून कोणी परतले नाही. फादर झाक निरनिराळ्या छावण्यांतून माउटहाउझेनला पोचले. मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने छावणी मुक्त केली तेव्हा त्यांचे वजन सुमारे ३४ किलो उरले होते. २ जून १९४५ रोजी लिंझ येथे त्यांचे निधन झाले. १९८५ मध्ये याद वाशेमने त्यांची गणना राष्ट्रांतील नीतिमान पुरुषांत केली.

त्या सकाळी अकरा वर्षांचे लुई माल वर्गात बसले होते.

चित्रपटात त्यांचे नाव झुलियां आहे आणि मिशेलचे झाँ बोने. नवा आलेला बोने गणितात हुशार, पियानो सुरेख वाजविणारा. झुलियांला त्याचा हेवा वाटतो. एके रात्री शयनगृहात तो दोन मेणबत्त्या लावून पुटपुटताना दिसतो. एके दिवशी त्याच्या पुस्तकात झुलियांला दुसरेच आडनाव सापडते, किपेलस्टाइन. ज्यू म्हणजे काय, असे तो मोठ्या भावास विचारतो. डुकराचे मांस न खाणारे, असे उत्तर येते. त्यांनी केले तरी काय, या पुढच्या प्रश्नास भावाजवळ धड उत्तर नाही. हळूहळू दोघे मित्र होतात. आणि मग गेस्टापोचा अधिकारी वर्गात येऊन किपेलस्टाइन कोण असे विचारतो. कोणी बोलत नाही. तो पाठ फिरवितो, तेवढ्यात झुलियां क्षणभर मित्राकडे मान वळवून पाहतो. अधिकारी ते टिपतो.

ही नजर खऱ्या घटनेतील नव्हे, ती आपण रचली, असे माल यांनी स्पष्ट सांगितले आहे. खऱ्या मिशेलशी आपली एवढी मैत्रीही नव्हती, असेही. मग त्यांनी ती का घातली? काही समीक्षक म्हणतात नाट्यासाठी. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या माणसाने भारतात महिनोन्महिने कॅमेरा डोळ्यास लावून 'पाहणे निर्दोष असते काय' हा प्रश्न स्वतःस विचारला, त्यानेच ही नजर लिहिली. वाचलेल्या मुलाच्या मनात जे ओझे उरते ते कोणत्याही एका कृतीचे नसते. चित्रपटास मात्र कृती दाखवावी लागते. योगायोग असा की १९६८ मध्ये भारतात त्यांच्याबरोबर हिंडलेले ध्वनिमुद्रक लोरो यांनीच याही चित्रपटाचा ध्वनी सांभाळला. लाकडी जिन्यावरील बुटांचे आवाज कान देऊन ऐकावेत.

येथे अ‍ॅशबर्नमध्ये एका स्नेह्यांच्या घरी हा चित्रपट आम्ही पाच-सहा कुटुंबांनी मिळून पाहिला, त्यांत आपली दोन आणि बाकीची इतर मराठी. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "मावशी, त्याने वळून पाहिलं नसतं तर तो वाचला असता का?" खरे उत्तर 'नाही' असेच आहे, कारण वेढा पडला होता आणि नावे आधीच पोचली होती. ते उत्तर आम्ही दिले. मुलाचे समाधान झाले नाही, आणि होऊ नये हेच बरे.

आमचे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत गुंतले. अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले गेले की शाळेचे जनरल रजिस्टर ही पवित्र वस्तू आहे. त्यातील नाव, धर्म, जन्मतारीख यांत वरिष्ठांच्या लेखी आदेशाविना एक काना बदलावयाचा नाही. उभी हयात आम्ही तसेच वागलो. आव्हाँच्या मुख्याध्यापकांनी त्याच रजिस्टरात समजून उमजून खोटी नावे लिहिली, आणि रोज सकाळी शिक्षक ती नावे गंभीर चेहऱ्याने पुकारीत राहिले. हजेरी घेणे हे एवढे मोठे काम असू शकते, असे आम्हांस कोणत्याही पाठनियोजनाच्या वहीत सापडले नव्हते.

आपल्या मुलांवर नाव लपविण्याची वेळ महाराष्ट्रात कधी आली नाही. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत सुरू केलेली आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली शाळा पाहा. तेथे आज शिकणारी बहुसंख्य मुले ज्यू नाहीत, आणि शाळेच्या नावाने कोणी दचकत नाही. पेणकर, चेऊलकर, केहिमकर, रोहेकर ही आडनावे गावाने दिली आणि गावाने सांभाळली. अ‍ॅशबर्नमध्ये आम्ही पाहतो की सिद्धार्थचा सिड होतो आणि अभिजीतचा ए.जे.; मुले हे आपखुशीने, शिक्षकांच्या जिभेच्या सोयीसाठी करतात. त्यात भय नाही. तरीही चित्रपट संपल्यावर एका आईने आपल्या लेकीस पूर्ण नावाने हाक मारली, हे आमच्या ध्यानात आले.

चित्रपटाबद्दल एक तक्रार नोंदविली पाहिजे. ल्युसियां वेइल यांच्या कथेला त्यात स्थान मिळालेले नाही. विद्यार्थ्यांबरोबर त्याच गाडीने गेलेला शिक्षक अकरा वर्षांच्या मुलाच्या आठवणीत ठळक नसेल, हे समजण्यासारखे आहे. परंतु आम्हांस त्यांची उणीव जाणवते. दुसरे असे की चित्रपटात चुगली करणारा स्वयंपाकघरातील लंगडा पोऱ्या झोझेफ हा, श्रीमंत मुलांबरोबर चोरटा व्यापार केल्यावर एकटाच शिक्षा भोगलेला आहे. येथे पुन्हा परत पाठविलेला मुलगा, पुन्हा ल्युसियांच. माल त्याच्याकडेही तिरस्काराने पाहत नाहीत. आमच्याने ते दरवेळी साधत नाही.

'येतो, मुलांनो' यास १९८७ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि पुढील वर्षी फ्रान्सची सात सेझार पारितोषिके मिळाली. ज्या वर्षी तो प्रदर्शित झाला त्याच वर्षी लियाँ येथे क्लाउस बार्बीवर खटला चालून त्यास जन्मठेप झाली. इझियूच्या बालगृहातील ४४ ज्यू मुलांना नेल्याचा आरोपही त्यात होता. जुलै १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ज्यूंच्या छळात फ्रेंच राज्याचा हात असल्याचे प्रथमच उघडपणे मान्य केले. त्यानंतर चार महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९९५ रोजी, कॅलिफोर्नियात माल यांचे वयाच्या ६३ व्या वर्षी निधन झाले. चित्रपट त्यांनी आपल्या तीन मुलांस अर्पण केला आहे. त्यातील अखेरचे निवेदन त्यांच्याच आवाजात आहे.

तो फ्रेंच भाषेत, इंग्रजी उपशीर्षकांसह मिळतो. लांबी पावणेदोन तासांच्या आत आहे. बारा वर्षांखालील मुलांस एकट्याने दाखवू नये, असे आमचे मत आहे. जे वाचक अमेरिकेत मुलांकडे राहावयास येतात त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. अ‍ॅशबर्नपर्यंत नोव्हेंबर १९२२ नव्हे, २०२२ मध्ये, म्हणजे अलीकडेच पोचलेली मेट्रोची सिल्व्हर लाइन गाडी न बदलता स्मिथसोनियन स्थानकापर्यंत जाते. तेथून चालत थोड्या अंतरावर, १९९३ मध्ये उघडलेले होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय आहे. फादर झाक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची हकीकत त्या संस्थेने नोंदवून ठेवली आहे, आणि तीत मुलांची नावे खरी आहेत.